तारापूरच्या किनाऱ्यावर कॅमेरा घेऊन

पश्चिम रेल्वेच्या विरार-डहाणू मार्गावर बोईसर हे कायम गर्दीचे स्टेशन. सकाळी इथून मुंबईकडे नोकरीला जाणारे असतात, तसे औद्योगिक वसाहतीत कामासाठी उतरणारेही असतात. एप्रिल २०१३ मध्ये लोकल गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या आणि हा सारा भाग मुंबईला आणखी जवळ आला. स्टेशनच्या पश्चिमेला येऊन एसटी किंवा रिक्षा धरावी. कारखाने, गोदामे, ट्रकच्या रांगा हळूहळू मागे पडतात, ताडामाडाची झाडे दिसू लागतात, हवेत खारेपणा येतो. हे तारापूर.

बाहेरगावच्या माणसाला तारापूर म्हटले की दोनच गोष्टी आठवतात. एक एमआयडीसी आणि दुसरे अणुवीज केंद्र. देशातले पहिले अणुवीज केंद्र इथेच, २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येणारे हे गाव मात्र त्याहून कितीतरी जुने आहे. एक खाडी आहे. खाडीच्या दक्षिणेला तारापूर, उत्तरेला चिंचणी. तारापूर पालघर तालुक्यात आणि चिंचणी डहाणू तालुक्यात. समुद्राकाठी पोर्तुगीजांच्या काळातला किल्ला आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. त्या लढाईत बाजी भीवराव हा नामांकित सरदार इथे कामी आला.

आम्ही दोघे पती-पत्नी पालघरकडचे, दोघेही शिक्षक. तारापुरात आमचे नातेवाईक आहेत, त्यामुळे ईद, शादी, अकीका अशा निमित्ताने येणे-जाणे असतेच. काही वर्षांपूर्वी घरात एक सेकंडहँड कॅमेरा आला आणि या येण्या-जाण्याला नवा रंग चढला. आम्ही कोणी व्यावसायिक फोटोग्राफर नाही. सुट्टीच्या दिवशी पिशवीत कॅमेरा, पाण्याची बाटली आणि मुलांचा खाऊ घेऊन निघणारी माणसे आम्ही. पण एवढ्या वर्षांत या छंदाने जे शिकवले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

कुठे फोटो काढायचा नाही

तारापूर फोटोग्राफरला पहिला धडा देते तो ‘नाही’चा. अणुवीज केंद्राच्या परिसरात फोटो काढायला मनाई आहे. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. आम्ही त्या बाजूला गेलो की कॅमेरा पिशवीत आणि मोबाइल खिशात. मुलांनी विचारले तर कारण समजावून सांगतो.

किल्ल्याचेही तसेच. बाहेरून तटबंदी पाहता येते, पण आत आज खाजगी वाडी आहे. दरवाजा उघडा दिसला म्हणून सरळ आत शिरता येत नाही. आम्ही वाडीतल्या माणसाला सलाम-नमस्कार करून विचारले. तो म्हणाला, “भिंतीचे काढा, झाडांचे काढा. आमच्या खोलीकडे कॅमेरा नको, बायका काम करतायत.” आम्हाला त्याचे बोलणे आवडले. कुरआनच्या सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी इजाजत घेण्याची शिकवण आहे. कॅमेराही एक प्रकारे घरात शिरतोच, आणि पाय जिथे पोहोचत नाहीत तिथे त्याची नजर पोहोचते. म्हणून आमच्या घरात नियम ठरला की आधी इजाजत, मग बटण.

किनाऱ्यावरचे क्रिकेट आणि चांदची तारीख

खेळाचे फोटो काढायचे असतील तर चिंचणीच्या किनाऱ्यासारखी जागा नाही. काठाला सुरूची झाडे आणि समोर ओहोटीनंतर उघडे पडणारे कठीण वाळूचे मैदान. बोईसर, तारापूर, चिंचणीची पोरे टेनिस बॉल घेऊन येतात आणि बघता बघता चार-पाच सामने एकाच वेळी सुरू होतात. एका सामन्याचा फिल्डर दुसऱ्याच्या खेळपट्टीवर उभा असतो, पण भांडण क्वचित होते.

तिथे जायचे तर भरती-ओहोटी बघून जावे लागते. इथे आपल्या हिजरी कॅलेंडरचा फार उपयोग होतो, हे आम्हाला एका मच्छीमार चाचांनी सांगितले. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे चांदच्या १ आणि १५ तारखेच्या जवळपास, समुद्राला उधाण असते. त्या दिवसांत आपल्या या किनाऱ्यावर भरती दुपारच्या सुमारास येते आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास पाणी पार लांब जाते. चांदच्या ८ आणि २२ तारखेच्या सुमारास याच्या उलट. त्याला कोळी लोक भांग म्हणतात. तेव्हा पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही आणि संध्याकाळी भरती असते. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणजे असर आणि मगरिबच्या मधल्या वेळात मोठे मैदान हवे असेल तर चांदची तारीख बघून घराबाहेर पडावे. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे याच वेळी प्रकाशही सोन्यासारखा मिळतो.

खेळाचा फोटो म्हणजे घाईचे काम. धावणारा पाय किंवा फिरणारी बॅट स्पष्ट दिसायला हवी असेल तर शटरचा वेग निदान सेकंदाचा पाचशेवा भाग ठेवावा, ऊन चांगले असेल तर हजारावा. चेंडूच्या मागे कॅमेरा फिरवत बसू नये, हाती काही लागत नाही. चेंडू जिथे येणार तिथे, म्हणजे बॅट्समनच्या चेहऱ्यावर किंवा यष्टिरक्षकाच्या हातांवर नेम धरून थांबावे. सूर्य पाठीशी ठेवला तर चेहरे दिसतात, समोर ठेवला तर माणसांच्या काळ्या आकृती मिळतात. चेहरे दाखवायचे नसतील तेव्हा हे दुसरे फार कामाला येते. किनाऱ्यावर लेन्स बदलू नये, वाळूचा एक कण आत गेला तरी त्रास होतो. घरी आल्यावर मऊ कापडाने खारे पाणी पुसून घ्यावे.

क्रिकेट म्हटले की आमच्या पालघरची पोरे शार्दूल ठाकूरचे नाव घेतल्याशिवाय राहत नाहीत. इथून लोकलने मुंबईला जाऊन सराव करणारा हा मुलगा भारताकडून खेळला. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत त्याने पहिल्या डावात ६७ धावा केल्या आणि सामन्यात सात बळी घेतले. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याहून परतल्यावर तो अंधेरीहून लोकलनेच पालघरला आला, ही गोष्ट इथे अजून सांगितली जाते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक पोराला वाटते, आपलाही असा फोटो कधीतरी पेपरात येईल. त्यामुळे कॅमेरा दिसला की पोरे स्वतःच म्हणतात, “सर, माझा सिक्स मारताना काढा ना!”

मुलींच्या बाबतीत आम्ही जरा वेगळे वागतो. शाळेच्या क्रीडादिनी मुली शंभर मीटर धावतात, खो-खो खेळतात, कबड्डीत चढाई करतात. काही पालकांना फोटो हवा असतो. काही म्हणतात, काढा, पण इंटरनेटवर टाकू नका. काही नकोच म्हणतात. आम्ही आधी विचारून घेतो आणि तिन्ही उत्तरांचा मान राखतो. एका वर्षी स्कार्फ बांधून धावलेली सातवीतली एक मुलगी तिसरी आली. तिच्या अब्बूंनी फोटोला संमती दिली होती. आम्ही कागदावर छापून तो तिला दिला. पुढच्या पालक सभेला ते रिक्षा बाजूला लावून खास भेटायला आले आणि म्हणाले, “आमच्या घरात पोरीचा धावतानाचा हा पहिलाच फोटो. भिंतीवर लावला नाही, पण रोज बघतो.” बक्षिसापेक्षा हे शब्द मोठे वाटले.

याच रेल्वेमार्गावर पुढे गुजरातेत नवसारी लागते. तिथे १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला या भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. पुढे त्यांनी दिल्लीत मोठमोठे नेते आणि स्वातंत्र्याचे प्रसंग टिपले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण त्यांचे सुरुवातीचे छापून आलेले फोटो होते महिला मंडळाच्या सहलीचे. घरच्या, ओळखीच्या बायकांच्या सहलीपासून सुरू झालेला हा प्रवास आहे. आपल्या मुलींमध्ये कोणाला ही आवड असेल तर तिला थांबवू नये, एवढेच यावरून म्हणावेसे वाटते. बायकांच्या मजलिसमध्ये, शादीच्या जनानखान्यात पुरुष फोटोग्राफर नको असतो. तिथे शिकलेल्या, जबाबदार मुलीची गरज आहेच.

घरातला फोटो आणि खालाची अट

फोटोबाबत उलेमांमध्ये वेगवेगळी मते आहेत. आम्ही त्या चर्चेत पडत नाही, तो आमचा अधिकारही नाही. ज्या घरात नको म्हणतात तिथे कॅमेरा बाहेर काढत नाही. जिथे हो म्हणतात तिथे कोणत्या अटीवर हो म्हणाले, ते लक्षात ठेवतो.

तारापुरातल्या आमच्या नात्यातल्या एक बुजुर्ग खाला होत्या. ऐंशीच्या पुढचे वय. फोटोला त्या कधी तयार नसत. एका ईदला दुपारी सगळे जेवून लवंडले होते, खाला खिडकीशी बसून नातवाच्या कुर्त्याचे बटण टाकत होत्या. खिडकीतून येणारा प्रकाश चांगला होता. आम्ही नेहमीप्रमाणे विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “काढ बेटा. पण मोबाइलात कोणाला पाठवायचा नाही. मला कागदावर दे.” आम्ही एकच फोटो काढला. फ्लॅश वापरला नाही. आठवडाभरात पोस्टकार्डाएवढी प्रत छापून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चष्मा लावून बघितली, हसल्या आणि कपाटातल्या डब्यात कागदपत्रांबरोबर ठेवून दिली.

दोन वर्षांनी खालांचा इन्तिकाल झाला. त्यांचा चेहरा नीट दिसणारा दुसरा फोटो घरात कोणाकडेच नव्हता. तिसऱ्याच दिवशी फोन सुरू झाले. सुरत, भिवंडी, दुबई, सगळीकडून एकच मागणी: तो फोटो फॅमिली ग्रुपवर टाका. मागणारे परके नव्हते, त्यांची स्वतःची मुले-नातवंडे होती. रडत रडत मागत होती. दुसरीकडे खालांचे शब्द होते. अट घालणारा माणूस गेला म्हणून अट संपते का? आम्ही दोघांनी रात्रभर यावर बोलून घेतले. एक मत होते, देऊन टाकावा, आता कोणाचे काय बिघडते. दुसरे मत होते, त्या असत्या तर नाही म्हणाल्या असत्या. शेवटी ठरवले की फाइल कोणालाच पाठवायची नाही, पण त्यांच्या प्रत्येक मुला-मुलीला कागदावर छापलेली प्रत द्यायची. पाच प्रती काढल्या. दुबईच्या मुलासाठी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवली, पोहोचायला दीड महिना लागला. दोघे-तिघे आमच्यावर नाराज झाले, एक जण अजूनही नीट बोलत नाही. “पाच कागदांचे मोबाइलवर फोटो काढले तर तुम्ही काय करणार?” असेही कोणी विचारले. ते खरेच आहे. पण मग ती जबाबदारी त्यांची. आमच्याकडे जे अमानत म्हणून दिले गेले होते, ते आम्ही दिल्या शब्दाप्रमाणे सांभाळले.

फोटो नसलेले गाव

ही गोष्ट इथेच संपली असती तर आम्ही म्हणालो असतो, फोटो जितके कमी तितके बरे. पण तारापूरच्या शेजारची दुसरी गोष्ट याच्या उलट सांगते.

अणुवीज केंद्रात २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. त्या प्रकल्पासाठी किनाऱ्यावरची अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. लोकांना नव्या वसाहतीत जागा मिळाल्या. समुद्र आणि शेतीवर जगणारी माणसे किनाऱ्यापासून दूर गेली. पुनर्वसनाचा प्रश्न पुढे बरीच वर्षे गाजत राहिला.

ओळखीच्या एकांबरोबर आम्ही नव्या वसाहतीत गेलो होतो. कॅमेरा पाहून एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. आम्हाला वाटले, फोटो काढू नका म्हणतील. त्यांनी विचारले, “मास्तर, तुमच्याकडे आमच्या जुन्या गावाचा एखादा फोटो आहे काय?” आमच्याकडे नव्हता. मग त्यांनी घरातून भावाच्या लग्नातला एक रंग उडालेला फोटो आणला. नवरा-नवरी, वऱ्हाडी, मुंडावळ्या. त्यांनी बोट ठेवले ते माणसांवर नाही, मागच्या भिंतीवर. मांडवाच्या कापडाआडून घराचे अर्धे दार आणि ओट्याची एक कड दिसत होती. “एवढेच राहिले,” ते म्हणाले. जुन्या घराची त्यांच्याकडे असलेली एकमेव तसवीर ती, आणि फोटो काढणाऱ्याच्या मनात ते घर टिपायचे नव्हतेच.

त्या दिवसापासून आम्ही कुटुंबाचे फोटो काढताना दोन पावले मागे सरकतो. नुसते चेहरे नकोत, मागचे दार येऊ दे, अंगणातली विहीर येऊ दे, चूल, पाळणा, गल्लीचे तोंड येऊ दे. आज हे सगळे इतके साधे वाटते की कोणी त्याचा फोटो काढत नाही. बिल्डरला घर दिले, रस्ता रुंद झाला, गाव सोडले की मग तेच शोधत बसावे लागते. आणि घराला, दाराला, चुलीला परद्याचा प्रश्न येत नाही. ज्या घरात माणसांचा फोटो नको असतो तिथेही घरमालक हे मोकळ्या मनाने काढू देतात.

तांब्यावरची नोंद

चिंचणीची एक जुनी गोष्ट वाचकांना नक्की आवडेल. या गावात राष्ट्रकूट काळातले आणि त्यानंतरचे ताम्रपट सापडले आहेत. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्या वेळी संजाण प्रांताचा कारभार एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. ताम्रपटात त्याचे नाव मधुमती सुगतिप असे येते. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप असल्याचे अभ्यासक मानतात. या मुसलमान अधिकाऱ्याने लोकांसाठी नद्यांवर मोफत नावेची सोय केली, वाटसरूंसाठी भात, कालवण आणि तुपाच्या जेवणाचे अन्नछत्र घातले आणि देवीच्या मठासाठी जमीन दिली, अशी नोंद त्यात आहे.

अकराशे वर्षांपूर्वीची ही हकीकत आपल्याला कळते, कारण कोणीतरी ती तांब्यावर नाव, गाव आणि सालासकट कोरून ठेवली. आज आपल्या प्रत्येक मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत, पण मोबाइल बिघडला, हरवला की एका दिवसात सगळे जाते. ज्यांच्याकडे जुने अल्बम आहेत, त्यांच्याकडेही फोटोमागे काही लिहिलेले नसते. नानाजींच्या शेजारी उभे असलेले ते गृहस्थ कोण, हे सांगणारे शेवटचे माणूस गेले की फोटो असून नसल्यासारखा.

आम्ही आता दर ईदनंतर एक काम नेमाने करतो. वर्षातले वीस-पंचवीस फोटो निवडून छापतो. मागे पेन्सिलीने नाव, नाते, जागा आणि तारीख लिहितो, हिजरी आणि इंग्रजी दोन्ही. बाकीचे एका हार्ड डिस्कवर ठेवतो आणि तिची दुसरी प्रत नातेवाईकांच्या घरी ठेवतो, म्हणजे एका घराला पाणी लागले तरी दुसरीकडे शाबूत राहील. ज्यांचा फोटो आहे त्यांना प्रत पोहोचवतो. हे सगळे मिळून महिन्याच्या मोबाइल रिचार्जइतकाही खर्च येत नाही.

आपल्या वाचकांपैकी ज्यांना हा छंद असेल, त्यांनी महागड्या कॅमेऱ्याची वाट पाहू नये. साधा मोबाइल चालतो. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन आपल्याच गावात निघावे. आधी बुजुर्गांकडे बसून विचारावे, कोणाचा फोटो चालेल, कोणाचा नाही, आणि काढलेला कुठपर्यंत जाऊ द्यायचा. त्यांनी सांगितलेले वहीत लिहून ठेवावे. नंतर घर, अंगण, गल्ली, मशिदीचा रस्ता, मुले जिथे खेळतात ते मैदान, हे सगळे शांतपणे टिपावे. छापून मागे नावे लिहावीत. बुजुर्ग अजून आपल्यात आहेत तोवर हे काम करून घ्यावे. अल्लाह त्यांना आणि आपल्याला सलामत ठेवो.